ताऱ्यांची गणती करणारा वैद्य

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता १४७:१-६, कलस्सैकरांस १:१५-२०



एकशे सत्तेचाळिसाव्या स्तोत्राच्या तिसऱ्या वचनात परमेश्वर भग्नहृदयी जनांच्या जखमा बांधतो, आणि लगेच चौथ्या वचनात तो ताऱ्यांची मोजदाद करून प्रत्येकाला नावाने ओळखतो. जखमांवरून एकदम ताऱ्यांकडे जाण्याचे कारण काय, हा प्रश्न भाषांतर करणाऱ्याला थांबवतो. ‘भग्न’ या अर्थी तेथे जो इब्री धातू आहे, तोच मडके फुटण्यासाठी व हाड मोडण्यासाठीही येतो. आपल्याला वाटते, मनुष्य मोडतो, तारे मात्र अढळ असतात. परंतु तारेही मोडतात.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक अतिप्रचंड कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेतील विवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट आहे. त्याचे चित्र १२ मे २०२२ रोजी जगापुढे आले. एखादा तारा अशा विवराच्या फार जवळ गेला, तर त्याची अलीकडील बाजू अधिक जोराने ओढली जाते व पलीकडील कमी जोराने. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, तिचेही कारण हेच. येथे मात्र ओढीतील हा फरक ताऱ्याला एकत्र ठेवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या आकर्षणावर मात करतो, आणि ताऱ्याचे ताणून तंतू होतात. मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये दाखविले की, त्या अवशेषांपैकी सुमारे अर्धा भाग विवराकडे परत येतो व उरलेला अवकाशात फेकला जातो. परत येणारा वायू तापतो आणि काही महिने तेथे तीव्र प्रकाश दिसतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये सुमारे २१.५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत असा प्रकाश आढळला. तो तारा साधारण आपल्या सूर्याएवढा होता. पुढे त्याच ठिकाणाहून सुमारे दर ४८ तासांनी क्ष-किरणांचे झोत येत असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या निरीक्षणांत भारतात जन्मलेल्या चंद्रशेखर यांचे नाव धारण करणारी ‘चंद्रा’ दुर्बीण होती आणि आपला ‘ॲस्ट्रोसॅट’ही होता. ताऱ्याच्या अवशेषांची जी तबकडी विवराभोवती उरली, तिच्यातून दुसरी एखादी वस्तू वारंवार आरपार जात असावी, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

उपदेशकाला येथे दोन मोह होतात. पहिला मोह असा की, कृष्णविवराला पाप म्हणावे आणि ताऱ्याला भरकटलेला पापी. परंतु त्या ताऱ्याने काय अपराध केला होता? शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते, हा समज प्रभू येशूने स्पष्टपणे नाकारला (लूक १३). ज्या घरात तरुण मुलगा अकाली गेला, त्या घरी जाऊन कारणे शोधणाऱ्यांनी हे वचन पुन्हा वाचावे.

दुसरा मोह अधिक गोड आहे. तारा फाटला म्हणून प्रकाश पडला, तसेच तुमच्या दुःखातूनही प्रकाश पडेल, असे सांगावेसे वाटते. देव दुःखातून भले घडवू शकतो, हे खरे आहे. परंतु ज्या मातेचा पुत्र गेला, तिला त्या प्रकाशाचा हिशेब देणे म्हणजे जखमेवर पट्टी बांधणे नव्हे. तिला प्रकाश नको आहे, पुत्र हवा आहे.

मग आपण काय सांगावे? कलस्सैकरांस लिहिताना पौल म्हणतो की, सर्व काही ख्रिस्ताच्या ठायी एकत्र टिकून आहे. तेथील ग्रीक क्रियापद पूर्ण काळातले आहे : जे एकत्र आणले गेले ते आजही तसेच धरलेले आहे. याचा अर्थ काहीच मोडणार नाही, असा होत नाही. त्याच पत्राच्या शेवटी पौल आपल्या बेड्यांची आठवण करून देतो. आणि ज्याच्या ठायी सर्व टिकते, त्याच्याच वधस्तंभावरील रक्ताचा उल्लेख तीनच वचनांनंतर, विसाव्या वचनात येतो. विश्वाला धरणारा हात खिळ्यांनी विंधलेला आहे. आपण मोडतो तेव्हा त्याच्या हाताबाहेर पडत नाही. तो तेथे आपल्याआधी गेलेला आहे, आणि तिसऱ्या दिवशी तेथून परत आलेला आहे.

आता स्तोत्रातील ती दोन वचने शेजारी का आहेत, हे ध्यानात येते. त्या ताऱ्याच्या अंताचा प्रकाश २१.५ कोटी वर्षे प्रवास करीत होता. तेवढा काळ त्याची वार्ता पृथ्वीवर कोणालाही नव्हती. गणती करणाऱ्याला मात्र होती. ज्याच्या मोजदादीतून न पाहिलेला तारा सुटत नाही, त्याच्या नजरेतून न सांगितलेली जखम सुटेल काय?

वाचकहो, आपल्या मंडळीतही गणती करा. गेल्या वर्षी ज्या बाकावर कोणी बसत असे, तो बाक आज रिकामा का आहे? त्या व्यक्तीचे नाव घेऊन प्रार्थना करा. मग तिच्या घरी जा. उत्तरे नेऊ नका. बसा, ऐका, आणि जखम बांधायला हात लावा.

हे प्रभो, जे मोडले आहेत त्यांना तू नावाने ओळखतोस. आम्हांलाही त्यांची नावे विसरू देऊ नकोस. आमेन.