वासंतीचा राग

उत्तरकथा म्हणजे पूर्ण झालेल्या कथेचा पुढचा भाग. आणि पहिल्या भागात जिच्यावर वाचकाने जीव लावला, ती नायिका दुसऱ्या भागात आपल्यावर अन्याय करणाऱ्याकडेच पुन्हा ओढली जाऊ लागली, की वाचकाचा धीर सुटतो. अद्भुतरम्य प्रणयकथांच्या, म्हणजे दैवी शक्ती आणि प्रेम यांची गुंफण असलेल्या कथांच्या, वाचकांची ही जुनी तक्रार आहे. मात्र या पेचाची सर्वांत खोल मांडणी झाडीपट्टीतल्या, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगल व धानाच्या मुलखातल्या, एका नाटककाराने केली आहे. आठव्या शतकातला भवभूती आपले गाव विदर्भातले पद्मपूर असल्याचे सांगतो, आणि संशोधक वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे पदमपूर असल्याचे प्रतिपादन केले. त्याचे ‘महावीरचरित’ रामाच्या राज्याभिषेकाशी थांबते आणि 7 अंकी ‘उत्तररामचरित’ तिथून पुढे, लोकांच्या बोलण्यावरून रामाने केलेल्या सीतात्यागाकडे वळते. हे नाटक कालप्रियानाथ या देवाच्या यात्रेत सादर होत असल्याचे प्रस्तावनेत म्हटले आहे. धानकापणीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने रात्रभर नाटक पाहणाऱ्या मुलखाला यात्रेतले नाटक परके वाटणार नाही.

या नाटकातला पेच उकलण्यासाठी झाडीपट्टीतल्याच चिमूरमधला एक संवाद येथे कल्पिला आहे. काळ माघातल्या बालाजीच्या घोडायात्रेचा आहे, आणि बोलणाऱ्या दोघी म्हणजे संस्कृत शिकवून निवृत्त झालेली मावशी व महाविद्यालयात शिकणारी तिची भाची. भाचीने नुकताच तिसरा अंक वाचला आहे. त्याला छायांक म्हणतात, कारण त्यात सीता भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य होऊन पंचवटीत वावरते. त्यागाला 12 वर्षे झाली आहेत, राम तिथे आला आहे, आणि सीतेची जुनी सखी, वनदेवता वासंती, त्याला जाब विचारत आहे.

भाचीचा आक्षेप स्पष्ट होता. “मावशी, वासंती जे बोलते ते सीतेने बोलायला हवे होते. ती बोलत तर नाहीच, उलट आपल्या बाजूने भांडणाऱ्या सखीलाच निष्ठुर ठरवते. जिच्यासाठी आपण रागावलो, तिनेच आपल्याला गप्प बसवले, तर त्या रागाचे करायचे काय?”

मावशीने हा प्रश्न उडवून लावला नाही. तिने हत्तीच्या छाव्याचा प्रसंग समोर ठेवला. तो लहान असताना सीतेने आपल्या हाताने पाला भरवलेल्या त्या छाव्यावर दुसरा माजलेला हत्ती चालून येतो, आणि हे कानी पडताच सीता चार पावले धावत, आपल्या लेकराला वाचवा, असे थेट रामालाच उद्देशून ओरडते. मग भानावर येऊन तीच म्हणते, की ही जुन्या ओळखीची अक्षरे पंचवटी पाहून आपला पिच्छा पुरवत आहेत, आणि मूर्च्छित पडते. “हाक तोंडातून निघून गेली, हे तिला स्वतःला कळले आहे,” मावशी म्हणाली. “जी आपली सवय अशी पकडते, तिला भोळी कशी म्हणायचे? रामाने ‘प्रिये’ म्हणून विलाप केला, तेव्हाही तिचे पहिले उत्तर असे होते, की घडलेल्या गोष्टीला हे शब्द शोभत नाहीत. राग तिला आहेच, पोरी. पण तिच्याजवळ फक्त राग नाही.”

येथे क्षमा आणि शरणागती यांतला भेद समजून घ्यावा लागतो. शरण जाणाऱ्याला झालेला अन्याय दिसत नाही किंवा तो पाहायचा नसतो. क्षमा करणारा तो पुरता पाहतो, आणि तरीही अपराध्याचे दुःख खरे मानतो. रामाला न दिसता त्याला पाहण्याची सोय सीतेला मिळाली, हे त्या अद्भुताचे खरे काम आहे: तिला पाहून राम बोलला असता, तर ते आर्जव ठरले असते, ती नाही असे समजून तो रडतो, म्हणून ती साक्ष ठरते. अश्वमेधात सहधर्मचारिणीच्या जागी आपलीच सोन्याची प्रतिमा बसवली आहे, हे तिला त्याच्या तोंडून कळते, तेव्हा त्यागाच्या अपमानाचे शल्य निघाल्याचे ती बोलून दाखवते.

भाचीचे समाधान मात्र झाले नाही. “तिचे शल्य निघाले असेल. पण त्याग एकांतात झाला नव्हता, मावशी; साऱ्या राज्याच्या बोलण्यावरून झाला होता. रानात एकट्याने रडल्याने त्याची भरपाई कशी होईल? आणि जखम भरल्याचे सीतेने म्हटले, म्हणून वासंतीने अन्याय विसरावा का?”

“विसरू नये,” मावशीने लगेच मान्य केले. “सीतेला तिच्या वाट्याची क्षमा करता येते, वासंतीच्या वाट्याची नाही.”

हे उत्तर महत्त्वाचे आहे, आणि नाटकाची रचनाही त्याला दुजोरा देते. चौथ्या अंकात सीतेच्या पित्याचा, जनकाचा, संताप धुमसत राहतो आणि सातव्यात, वाल्मीकींनी गंगाकाठी अप्सरांकडून करवलेल्या गर्भनाटकात, म्हणजे नाटकाच्या पोटातल्या नाटकात, पृथ्वी लेकीच्या वतीने रामावर रागावते. सीतेची माया कोणाचाही राग खोटा पाडत नाही. जाहीर अपराधाचे परिमार्जनही जाहीरपणेच होते: वसिष्ठपत्नी अरुंधती प्रजेला तिचे मत विचारते आणि लोक सीतेला वंदन करतात. रामायणातली सीता जिथे धरणीच्या पोटात जाते, तिथे भवभूतीने भेट घडवली.

भाचीने त्याच पानावर बोट ठेवले. “अरुंधती लोकांना विचारते, रामाला आज्ञा करते, आणि सीतेला काय सांगते? लाज सोड आणि मूर्च्छित रामाला स्पर्शाने जागे कर. तुला परत जायचे आहे का, असे तिला कोणीच विचारत नाही.”

मावशीने ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचले. बाहेर यात्रेची गर्दी वाढत होती. “नाही विचारत,” ती म्हणाली, आणि तिसऱ्या अंकापाशी खूण घालून पुस्तक भाचीच्या हाती दिले.