टेकू

आमच्या अर्धापूरच्या शिवारात केळी निसवली आणि घड भरायला लागला, की झाडाला बांबूचा टेकू लावतात. वाटेनं जाणारा घडाकडे बघतो, फण्या मोजतो. टेकूकडे नजर जाते ती वादळवारं येऊन गेल्यावर.

फुटबॉलमधल्या बचावपटूचं तसंच आहे. झालेला गोल फलकावर लागतो, अडवलेला गोल कुठंच लिहिला जात नाही. म्हणून तर पोरं बॉल दिसला की सगळी पुढं पळतात आणि मागं कोणी थांबायचं यावरून भांडणं होतात.

गोव्याचे महेश गवळी खेळले ते असं मागं थांबूनच. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले आणि पुढं भारताच्या बचावफळीच्या मधोमध वर्षानुवर्षं उभे राहिले. २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या संघात ते होते, नंतर धेंपोकडूनही खेळले. खेळ थांबवल्यावर प्रशिक्षक झाले, तेही राष्ट्रीय संघाचे सहायक. म्हणजे पुन्हा एक पाऊल मागंच.

२०२३ च्या जून महिन्यात बंगळुरूला दक्षिण आशियाई फुटबॉलची सॅफ स्पर्धा भरली होती. पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी समोरच्या खेळाडूच्या हातातला बॉल थ्रो-इनच्या वेळी उडवला आणि लाल कार्ड घेतलं. नेपाळच्या सामन्याला रेषेवर उभे राहिले गवळी. स्टिमॅच परतले, कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हा लाल कार्ड मिळालं. त्याच सामन्यात भारत एका गोलनं पुढं असताना, अगदी भरपाई वेळेत, बॉल अडवायला गेलेल्या बचावपटू अन्वर अलीच्या पायाला लागून तो आपल्याच जाळ्यात गेला. १-१.

अन्वर तेव्हा बावीस वर्षांचा होता. आघाडीच्या खेळाडूनं संधी दवडली तर लोक हळहळतात आणि पुढच्या संधीकडे डोळे लावतात. बचावपटूची एक चूक मात्र थेट फलकावर जाऊन बसते. नव्वद मिनिटं त्यानं काय काय अडवलं ते कोणी विचारत नाही. मला हा अन्याय वाटतो, आणि तो फक्त मैदानावरच होतो असंही नाही. घरात, शेतात, दवाखान्यात राखण करणाऱ्या सगळ्यांनाच आपण त्यांच्या एका चुकीवरून ओळखत असतो.

चार दिवसांनी, १ जुलैला, लेबनॉनविरुद्ध उपांत्य सामना होता. मुख्य प्रशिक्षकांवर बंदी, बचावपटू संदेश झिंगनवरही कार्डांमुळे बंदी. रेषेवर पुन्हा गवळी, आणि मैदानात बचावाच्या मधोमध अन्वर अली. एकशेवीस मिनिटं खेळ चालला. भारतानं एकही गोल खाल्ला नाही, केलाही नाही. सामना पेनल्टीवर गेला. पहिली किक कर्णधार सुनील छेत्रीची. पुढच्या किकांत एक अन्वरला मारायची होती. शेवटच्या मिनिटाला आपल्याच जाळ्यात बॉल घालून जेमतेम चार दिवस झालेला हा पोरगा भरल्या मैदानात बॉल ठेवायला एकटा चालत गेला, आणि त्यानं गोल केला. भारत ४-२ नं जिंकला. ४ जुलैला अंतिम सामन्यात कुवेतलाही पेनल्टीवरच हरवून नववं सॅफ विजेतेपद आलं. त्या दिवशीही रेषेवर गवळीच होते.

बातम्यांत गोलरक्षक गुरप्रीतनं अडवलेली शेवटची किक राहिली, छेत्रीच्या हातातला चषक राहिला. ते योग्यच आहे. माझ्या मनात मात्र अन्वर चालत गेला ते अंतर राहिलं आहे, आणि त्याच्या पाठीमागं, त्याच जागी आयुष्यभर उभा राहिलेला एक माणूस रेषेवर होता, तेही.