व्हय सायेब

मिरजेत रेल्वेत नोकरी केलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. त्यांतलेच एक निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांची मुलगी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. 2020 च्या टाळेबंदीत ती लॅपटॉप घेऊन घरी आली, पुढे कंपनीनं बोलावलंच नाही, आणि माडीवरच्या खोलीचं ऑफिस झालं. टीममधला एक जण नागपुरात, दोघी कोचीत, मॅनेजर पुण्यात आणि आपल्याकडे रात्र झाली की काम सांभाळणारा टोरांटोत. चार वर्षांत यांतल्या कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘बिलिंगचा बदल आज चढवू नका, नागपूरची तपासणी राहिली आहे.’ पटापट अंगठे आले, टोरांटोचाही आला. आणि शनिवारी सकाळी शेकडो ग्राहकांच्या हातात दुप्पट रकमेची बिलं पडली. टोरांटोच्या मुलानं भारतातला शुक्रवार संपायची वाट पाहिली होती. त्याच्याकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजत होते. ‘आजचं बंधन संपलं’ असं समजून त्यानं बदल चढवला. अंगठ्याचं विचारलं तर म्हणाला, वाचलं म्हणून दिला. कोचीच्या दोघींनी दिला तो ‘आमचा संबंध नाही’ या अर्थानं. मॅनेजरनं तर मेसेज न वाचताच दिला होता, पण ते कुणी बोललं नाही. उपाय म्हणून त्यांनी रोज अर्ध्या तासाची आणखी एक मीटिंग लावली. मॅनेजर मंडळींचा हा आवडता उपाय.

रात्री जेवताना मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

“मग तुमच्या त्या पोरानं काय सांगितलं होतं?”

“सांगितलं नाही बाबा, अंगठा दिला.”

“आमच्याकडे अंगठ्यावर गाडी सोडली असती तर मी आज इथं जेवत बसलो नसतो,” मास्तर म्हणाले आणि ताटावरच सुरू झाले. एरवी त्यांच्या रेल्वेच्या गोष्टी सुरू झाल्या की घरातले हळूच उठतात. त्या दिवशी मुलगी बसून राहिली.

पुढच्या स्टेशनचा मास्तर आम्ही वर्षानुवर्षं बघायचो नाही, फक्त आवाज ओळखीचा. म्हणून रोज दुपारी चार वाजता कंट्रोलमधून वेळ यायची आणि आम्ही घड्याळं मिळवून घ्यायचो, म्हणजे माझे चार आणि त्याचे चार एकच. आणि जिथं चूक माणसाच्या जिवावर येईल तिथं प्रायव्हेट नंबर. छापील कागदावर दोन आकडी नंबर, उलटसुलट क्रमानं. प्रत्येकाचा कागद वेगळा. वापरलेला नंबर खोडायचा, रजिस्टरात चढवायचा. सिग्नलशी न जोडलेलं फाटक असेल तर गेटमनला फोन करून गाडी सांगायची. त्यानं फाटक लावायचं, मगच आपल्या कागदावरचा नंबर द्यायचा. एकेक आकडा सुटा, मग पूर्ण. चार, सात, सत्तेचाळीस. तो माझ्या रजिस्टरात उतरल्याशिवाय सिग्नल नाही.

गळिताचा हंगाम होता. रात्रीची पॅसेंजर फलाटावर तयार. गेटवर नवीन पोरगा. मी विचारलं, फाटक लावलंस? ‘व्हय सायेब.’ पुन्हा विचारलं. ‘व्हय सायेब, व्हय.’ म्हटलं, नंबर दे. पलीकडे गप्प. गार्ड माझ्या टेबलाशी येऊन उभा, कंट्रोलवाला फोनवर ओरडतोय, डब्यातून शिट्ट्या. मी सिग्नल दिला नाही. बऱ्याच वेळानं पोरगा बोलला, “सायेब, उसाची ट्रॉली रुळात अडकलीया. ढकलतोय.”

“म्हणजे तो खोटं बोलत होता,” मुलगी म्हणाली.

“अजिबात नाही. मी सांगितलेलं त्याला ऐकू आलं होतं आणि तो कामालाही लागला होता. त्याच्या परीनं ‘व्हय’ बरोबरच होतं. गाडी आपल्यामुळे थांबली तर साहेब कापेल, या भीतीनं पुढचं बोलेना. नंबर मात्र फाटक लागल्याशिवाय देता येत नाही, एवढं त्याला शिकवलेलं होतं, आणि ते त्यानं पाळलं. दुसऱ्या दिवशी उशिराचा खुलासा मागितला. सिग्नल मी रोखला, असं माझ्या नावावर लिहून दिलं. त्यानंतर तो पोरगा न विचारता सांगायचा, ‘सायेब, अजून न्हाई.’”

“एवढे नंबर घेतलेत जगाकडून,” आई आतून म्हणाली, “घरात मात्र तीस वर्षं नुसतं ‘हं’. गिरणीतून दळण आणलंत का?” मास्तरांनी सवयीनं ‘हं’ म्हटलं आणि मग चप्पल शोधू लागले.

सोमवारी मुलीनं टीमसमोर मांडलं की रोजच्या गप्पांना अंगठे खुशाल द्या. पण बदल चढवणं, ग्राहकाच्या पैशाला हात लावणं आणि टोरांटोला काम सोपवणं या तीन बाबतीत अंगठा धरला जाणार नाही. ज्यानं काम करायचं त्यानं आपल्या शब्दांत लिहायचं की काय करणार, काय करणार नाही. वेळ लिहायची ती तारखेसकट आणि भारताच्या घड्याळाची. कोचीतून लगेच आलं, “आम्ही काय शाळेत आहोत?” पहिला आठवडा सगळे तिचंच वाक्य जसंच्या तसं परत चिकटवत होते, म्हणजे अंगठ्याचीच लांबलेली आवृत्ती. टोरांटोचा मुलगा मात्र पहिल्याच दिवशी अडला. स्वतःच्या शब्दांत लिहायला बसल्यावर त्याला कळलं की सोपवलेल्या पाचांतली दोन कामं आपल्याला समजलेलीच नाहीत, आणि त्यानं ती विचारली.

नागपूरचा मुलगा सगळ्यांत लहान आणि कशालाही ‘हो हो, झालंच’ म्हणणारा. पुढे एका गुरुवारी रात्री बदल चढवायचा होता आणि ग्राहकाला तसा शब्द गेला होता. तिनं त्याच्याकडे तपासणी पूर्ण झाल्याचं उत्तर मागितलं. बराच वेळ लिहितोय-थांबतोय चाललं. मग उत्तर आलं: ‘अजून नाही. परताव्याची दोन प्रकरणं चुकत आहेत. कारण सापडलेलं नाही. उद्या दुपारी 3 पर्यंत सांगतो.’

मॅनेजरचा फोन लगेच आला, आवाज चढलेला. ग्राहकाला आता काय सांगायचं? आणि हे त्या मुलाला आधी कळत नव्हतं का?

“ग्राहकाला मी कळवते,” ती म्हणाली, “मी थांबवलं म्हणून.”

तिनं तसं कळवलं, नागपूरचं नाव न घेता. मग ग्रुपवर त्या मुलाला लिहिलं की बरं झालं सांगितलंस, दोन्ही प्रकरणं पाठव, मीही बघते. बदल सोमवारी दुपारी चढला.