झोळी घ्यावी की घेऊ नये?

महादेवपुऱ्यातील मराठी तरुण सुट्टीत युरोपला जाऊ लागले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. २००७ साली बंगळूर महानगरपालिकेत समाविष्ट झालेला हा भाग. एकीकडे संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती, दुसरीकडे त्या इमारती बांधणाऱ्या मजुरांचे पत्र्याचे निवारे. पुणे, सोलापूर, बेळगाव येथून नोकरीसाठी आलेली आपली मुले पाठीवर एक पिशवी टाकून प्राग, व्हिएन्ना, रोम, लिस्बन पालथी घालतात. रात्रीच्या बसने जाऊन मुक्कामाचे भाडे वाचवतात, वसतिगृहात आठदहा अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत झोपतात, सार्वजनिक नळाचे पाणी पितात. परत आल्यावर उपासनेनंतरच्या चहाला जी हकिगत ऐकू येते, तिचा मुख्य विषय बहुधा काय पाहिले हा नसतो. किती थोडक्यात पाहिले हा असतो.

अशाच एका तरुणाने मला विचारले, ‘‘प्रभूने शिष्यांना झोळी घेऊ नका असे सांगितले. आम्ही करतो ते त्याच जातीचे नव्हे काय?’’ त्याने ते हसत विचारले खरे; पण प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

मत्तयाच्या दहाव्या अध्यायात झोळीसाठी जो ग्रीक शब्द आहे, ‘पेरा’, तो शिदोरीची पिशवी की भिक्षेकऱ्याची झोळी, याविषयी पंडितांत वाद आहे. मराठी भाषांतरकार या बाबतीत भाग्यवान. आपल्या ‘झोळी’त दोन्ही अर्थ मावतात. प्रभूच्या आज्ञेतही दोन्ही येतात: स्वतःची तरतूद करून निर्धास्त होऊ नका, आणि गोळा करीतही हिंडू नका. शिष्य रिकाम्या हातांनी निघाले ते खर्च वाचावा म्हणून नव्हे. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्यावर विसंबता यावे म्हणून. लूकच्या बाविसाव्या अध्यायात तर प्रभूच सांगतो की आता पिशवी घ्या, झोळीही घ्या. तेव्हा झोळी नसणे हा स्वतःच काही सद्‌गुण नव्हे.

शिवाय आजच्या रिकाम्या हातांची गंमत अशी: शेंगेन देशांच्या व्हिसासाठी बँकेतील शिल्लक दाखवावी लागते, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा उतरावा लागतो. गरिबासारखे हिंडण्यासाठी आपण गरीब नाही हे आधी सिद्ध करावे लागते. बाराही प्रेषितांचे अर्ज फेटाळले गेले असते. (पौलाजवळ निदान रोमी नागरिकत्व होते.)

पण म्हणून ही काटकसर ढोंग ठरते असेही मी म्हणणार नाही. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकाने १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात तरुणांसाठी पहिले कायमचे वसतिगृह उघडले, ते विद्यार्थ्यांना थोडक्या खर्चात भटकता यावे म्हणूनच. जग पाहण्याचा हक्क केवळ धनिकांचा नाही. प्रश्न एवढाच, की आपण जो खर्च वाचवला तो नाहीसा झाला, की दुसऱ्या कोणाच्या खात्यावर पडला?

व्हेनिसचे उदाहरण घ्या. १९५१ साली त्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ साली ती संख्या ५०,००० च्या खाली गेली. दिवसभर फिरून संध्याकाळी निघून जाणाऱ्या पाहुण्यांकडून २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास तेथील नगरपालिकेने सुरुवात केली. मुक्कामाला राहणाऱ्यास ते नाही. केर काढणारे, घाट दुरुस्त करणारे हात त्या शहराचेच असतात. पाहुण्याने घरून आणलेली पोळी चौकात बसून खाल्ली तर त्याचे पैसे वाचतात, हे खरे. पण त्याच्या मागचा कचरा कोणीतरी उचलतोच.

युरोपातील ऐतिहासिक नगरांतून थोडक्या पैशांत हिंडलेला आपला पहिला ओळखीचा प्रवासी म्हणजे प्रेषित पौल. फिलिप्पै, थेस्सलनीका, अथेनै, करिंथ ही त्याची वाट. त्याची रीत पाहिली तर प्रथम गोंधळायला होते. फिलिप्पैत लुदियेने आग्रह केला तेव्हा तो तिच्या घरी उतरला. थेस्सलनीकेत मात्र कोणाला भार होऊ नये म्हणून रात्रंदिवस राबला, आणि तेथे असतानाच फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत घेतलीही. करिंथात अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या शिवल्या आणि करिंथकरांचा पैसा नाकारला. त्याने कोठे घेतले, कोठे नाकारले. हिशोब रकमेचा नव्हता. देणाऱ्यावर ओझे पडते काय, आणि घेणाऱ्याची जीभ बांधली जाते काय, हे तो पाहत असावा.

आद्य मंडळीला या प्रश्नाचा चांगलाच जाच झाला होता. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या प्राचीन ग्रंथात फिरत्या पाहुण्यांसाठी स्पष्ट मर्यादा आहे: एक दिवस, गरज पडल्यास दुसरा, तिसऱ्या दिवशीही राहणारा प्रेषित खोटा समजावा. ज्याला स्थायिक व्हायचे त्याने काम करावे. प्रभूच्या नावाने फुकट खाणाऱ्यास तेथे ख्रिस्ताचा व्यापारी ठरवले आहे.

हा ग्रंथ प्रथम छापला गेला १८८३ साली. त्याच वर्षी एक मराठी बाई लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेली. पंडिता रमाबाईंचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रांत पायी गेले होते. पुराण सांगावे आणि श्रोते देतील त्यावर राहावे, हा कुटुंबाचा क्रम. अन्नान्नदशा आली तरी भीक मागण्यास जीव धजला नाही, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. इंग्लंडच्या प्रवासखर्चाची सोय त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’च्या उत्पन्नातून केली. वाँटेजच्या मठात राहिल्या, तर हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवून राहिल्या. देण्यासाठी त्यांच्यापाशी भाषा होती. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्या तीच देत राहिल्या. मराठी बायबलचे भाषांतर त्यांनी १९२२ साली मृत्यूपूर्वी पुरे केले. रमाबाईंच्या या बाण्यात अभिमानाचा अंशही असेल. फुकट घेता येणे हीदेखील कृपाच असते, आणि ती सर्वांना साधत नाही.

माझ्या तरुण मित्राला लिस्बनमध्ये एका वृद्ध बाईने चार रात्री फुकट ठेवून घेतले होते. ती रोज संध्याकाळी सूप करून ठेवी. हा नऊनंतर शहर पाहून येई आणि पहाटे निघून जाई. पैसे दिले असते तर तिचा अपमान झाला असता, हे तो म्हणाला ते बरोबरच. एक संध्याकाळ मात्र तिच्यापाशी बसता आले असते. त्याला खर्च नव्हता.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू स्वतःला परका म्हणवितो, तेथे ‘क्सेनॉस’ हा शब्द आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल गायसाचा उल्लेख करतो, तेथेही हाच शब्द. पण तेथे अर्थ यजमान. मराठीत परका वेगळा, यजमान वेगळा. भाषांतरकाराला दोन शब्द योजावेच लागतात. मी हे सांगितल्यावर तो तरुण थोडा वेळ गप्प होता. मग मी त्याला विचारले, कलबुर्गी-यादगीरहून एक पिशवी घेऊन आलेले कुटुंब तुझ्या इमारतीच्या फाटकाशी आले तर कोठवर येऊ शकते? त्याने सांगितले, वहीत नाव लिहून, कोणाचे तरी काम असेल तरच आत. आणि त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळी लिफ्ट आहे.