नावाची धाव कुठवर?

पावसाळ्यात अमरावती-अकोल्याकडच्या घरांतून एखाद्या रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणं जातं: ब्रह्मकमळ उमलतंय. नऊ-दहाच्या सुमारास पाकळ्या सैल होऊ लागतात, मध्यरात्रीपर्यंत फूल पुरतं उघडतं, कुंडीपुढे निरांजन लागतं, हळदकुंकू वाहिलं जातं, आणि उजाडेपर्यंत फुलाने मान टाकलेली असते. ज्याची ही पूजा होते ते झाड मात्र ब्रह्मकमळ नव्हे. खरं ब्रह्मकमळ, सॉसुरिया ऑबव्हॅलाटा, हिमालयात उंचावर उगवतं. उत्तराखंडाचं ते राज्यपुष्प. आपल्या कुंडीतलं झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटालम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट रानांत मोठ्या झाडांच्या अंगावर वाढणारा एक कॅक्टस. चुकीच्या नावाने पुजलं जाणारं हे झाड, किंवा रोपवाटिकेतून चिठ्ठीविना घरी आलेली कुठलीही काटेरी कुंडी, एक जुना प्रश्न पुढे करते. एखादी गोष्ट काय आहे हे ठाऊक नसताना तिच्याशी नीट वागता येतं का? माझ्या मते येतं. नाव म्हणजे आपल्याआधीच्यांनी साठवलेला अनुभव. तो जरूर वापरावा, आणि तो जिथे संपेल तिथून पुढे झाडालाच प्रमाण मानावं.

अनोळखी झाड ओळखण्याची रीत न्यायदर्शनाने फार पूर्वी सांगून ठेवली आहे. नैयायिक उपमान हे वेगळं प्रमाण मानतात. गवय गाईसारखा असतो, एवढं नगरातल्या माणसाने ऐकलेलं असतं. पुढे रानात तसा प्राणी समोर आला की ‘गवय म्हणतात तो हाच’ असं त्याला उमगतं. (मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे उदाहरण परकं वाटू नये.) नुसत्या ऐकण्याने हे ज्ञान होत नाही, नुसत्या पाहण्यानेही नाही. कुंडीपुढे उभं राहताना ऐकलेलं असावं ते इतकंच, की खऱ्या कॅक्टसच्या अंगावर बारीक लवदार गाद्या असतात आणि काटे, कळ्या, नव्या फांद्या त्यांतूनच निघतात. त्रिधारी निवडुंगाला किंवा शेराला अशी गादी नसते. टोचलं की त्यांतून पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांना घातक असतो. पण काही मॅमिलारियाही दुधाळ रस देतात, म्हणून एकट्या चिकावर विसंबू नये. फड्या निवडुंगाच्या गादीत मोठ्या काट्यांखेरीज केसासारखी कुसं असतात, उलट्या दातांची, बोटात शिरली की लवकर न निघणारी. आता ब्रह्मकमळाचं तथाकथित पान भिंगाखाली धरा. कडेच्या खाचेखाचेत तीच गादी सापडते, अगदी बारीक आणि मोठेपणी काट्याविना, आणि कळी तिथूनच फुटते. म्हणजे ते पान नाहीच, चपटं झालेलं खोड आहे.

यावर वेदान्ती म्हणेल, असल्या भेदांत कशाला शिरता? छांदोग्य उपनिषदात उद्दालकाने श्वेतकेतूला मातीच्या दाखल्याने समजावलं होतं की विकार नावापुरते असतात, खरी ती माती. हा आक्षेप मला हलका वाटत नाही, पण तो इथे लागू पडत नाही, कारण वनस्पतींतले भेद निव्वळ आपल्या बोलण्यातून आलेले नसतात. 1795 मध्ये किरमिजी रंगाच्या व्यापारासाठी ब्राझीलमधून कोचिनील किडे भारतात आणले गेले. उत्तम रंग देणारी जात समजून आणलेले हे किडे भलत्याच जातीचे निघाले. रंग यथातथाच मिळाला, आणि ज्या निवडुंगावर ते पोसायचे तोच त्यांनी फस्त केला. पुढे लोकांनी हाच किडा निवडुंगाचं रान हटवायला मुद्दाम सोडला, तेव्हा एका जातीचा फड्या निवडुंग गेला आणि दुसऱ्या जातीचा तसाच उभा राहिला. त्या दुसऱ्यासाठी 1926 मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. माणसांनी एका नावात कोंबलेल्या दोन जाती किड्याने, कुठलंही नाव ठाऊक नसताना, बिनचूक वेगळ्या काढल्या.

त्याच छांदोग्यात नारद आपल्या सगळ्या विद्यांची यादी सनत्कुमारांपुढे मांडतो, आणि हे सारं नावच आहे असं उत्तर त्याला मिळतं. पण सनत्कुमार नाव टाकून दे म्हणत नाहीत. नावाची उपासना कर म्हणतात. फळ नावाची धाव असेल तिथवर, इतकंच. भक्तीच्या बाजूने उलटा आक्षेप येतो: भाव खरा असेल तर नाव चुकलं म्हणून काय बिघडलं? पूजेपुरतं काहीच बिघडत नाही. याच अमरावती जिल्ह्यातल्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांनी (1881–1915) मधुराद्वैत मांडलं. अद्वैताचा बोध झाल्यावरही सगुणावरचं प्रेम उरतं, अशी त्यांची भूमिका. समोर उमललेल्या त्या एका फुलाला जोडलेले हात मला त्या जातीचे वाटतात आणि लॅटिन नावाने त्यांना खोटं ठरवता येत नाही. मात्र कमळ म्हणून कुंडीत पाणी तुंबवून ठेवलं, तर मुळं कुजतात, आणि तिथे भाव कामाला येत नाही.

मग शास्त्रीय नाव कळलं की प्रश्न मिटला, असंही नाही. ‘कॅक्टस’ हे नाव ब्रह्मकमळाला अगदी बरोबर लागतं. त्या नावावर भरवसा ठेवून कुंडी मे महिन्यात गच्चीवर ठेवली तर खोड पिवळं पडून करपतं, कारण हा सावलीतला कॅक्टस. वाळवंटी कॅक्टसांना उन्हाळ्यात भरपूर पाणी द्या, असं थंड देशांतली पुस्तकं सांगतात. अकोल्यात पारा पंचेचाळिशीपुढे जातो आणि रात्रीही तापलेल्या असतात. हे कॅक्टस श्वासरंध्रं रात्रीच उघडतात. रात्र गरम राहिली की त्यांची वाढ थबकते आणि तेव्हा ओतलेलं पाणी मुळांशी नुसतं साचतं. पिवळा-लाल गोळा डोक्यावर घेतलेलं कलमी कॅक्टस तर मुळात दोन झाडं आहेत. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, त्याला जगवतो तो खालचा तिधारी हिरवा खुंट, आणि तो ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला. चिठ्ठी असलीच तर वरच्याची असते. पाणी आणि सावली ठरवायची असते खालच्याची.

तेव्हा नाव कळेपर्यंत थांबायचं कारण नाही. वऱ्हाडातली काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते, म्हणून जाड रेती, मुरूम आणि विटांचा चुरा घालावा. सुरकुत्या पडल्या तर पाणी, बुडखा मऊ लागला तर पाणी बंद, शेंडा फिकट आणि बारीक निघाला तर उजेड वाढवायचा. मिरगाच्या आधी कुंड्या पत्र्याखाली घ्याव्यात. चिठ्ठीवर अंदाजाचं नाव ठोकून देण्यापेक्षा झाड कुठून आलं, फूल कोणत्या महिन्यात आणि गादीच्या कोणत्या बाजूला आलं, हे लिहिलेलं बरं; उद्या कुणी जाणकार आला, तर त्याला नाव सांगायला तेवढं पुष्कळदा पुरतं.