संतोषाला नवा ओटा चालतो का?

मध्यमवर्गीय घरात स्वयंपाकघराचं काम बहुधा सगळ्यात शेवटी निघतं. मुलांच्या फिया, कुणाचं ऑपरेशन, दारातली गाडी, हॉलचा रंग हे सगळं मार्गी लागलं की मग तडा गेलेला कडप्प्याचा ओटा आणि ठिबकणारं सिंक यांची पाळी येते. अखेर कोटेशन हातात पडतं, ट्रॉल्यांचे माप आणि रंग ठरतात, आणि कारागीर ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणून सांगतो. तो आठवडा पुढे पुढे सरकत राहतो. फडताळं रिकामी होऊन डाळ-तांदळाचे डबे हॉलमध्ये आलेले असतात, आणि त्या पसाऱ्यातच घरातली बाई क्रोशाची सुई घेऊन रुमाल विणत बसलेली असते. यात तत्त्वज्ञान कसलं, असं कुणी म्हणेल. पण ज्या संस्कृतीत समाधानाला एवढं मानाचं पान आहे, तिथे एका ओट्याची आस वर्षानुवर्षं धरणारं माणूस समाधानी म्हणावं की नाही, हा प्रश्न या हॉलमध्ये अगदी उघडपणे समोर येतो. माझ्या मते ते समाधानी असू शकतं, आणि याचा पुरावा त्याच्या हातातच आहे.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पाच नियम सांगितले आहेत: शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. संतोष नियमांच्या यादीत आहे, म्हणजे तो आपोआप घडणारा मनाचा कल नसून करायची गोष्ट आहे. मात्र या सूत्रावरचं व्यासभाष्य माझ्या बाजूचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. भाष्यकार म्हणतात की हाताशी असलेल्या साधनांपेक्षा अधिक घेण्याची इच्छा नसणं म्हणजे संतोष. ही व्याख्या अक्षरशः घेतली तर कोटेशन मागवलं त्याच दिवशी नियम मोडला! पण भाष्याचा श्रोता साधक आहे, चार माणसांना दोन वेळा जेवू घालण्याची जबाबदारी असलेला गृहस्थ नव्हे. गृहस्थाचं साधन पुरेसं आहे की नाही हे कामावरून ठरतं. सिंक गळून खालचं लाकूड कुजत असेल, तर ते साधन हाताशी आहे असं म्हणणंच खोटं. उलट, शेजारच्यांकडे आहे म्हणून चिमणी आणि कधीच न उघडल्या जाणाऱ्या दोन जादा ट्रॉल्या घेतल्या, तर तिथे भाष्यकारांचं बोट बरोबर दुखऱ्या जागी पडतं. म्हणजे प्रश्न गरज प्रामाणिकपणे ओळखण्याचा आहे. गरज खरी असेल, तर तिची वाट पाहण्यात असंतोष नाही.

आता त्या सुईकडे पाहू. दोन सुयांवरच्या विणकामात डझनावारी टाके एकाच वेळी उघडे असतात. सुई निसटली की सगळेच घसरतात. क्रोशात सहसा एकच फास उघडा असतो. साखळी असो वा खांब, दोरा सुईवर घेऊन फासातून ओढला की मागचा टाका बंद होतो आणि नवा फास तेवढा सुईवर उरतो. त्यामुळे दाराची बेल वाजली, गवंडी माप घ्यायला आला, तर काम जिथल्या तिथे खाली ठेवता येतं. चुकलं तर दोरा ओढून हव्या त्या टाक्यापर्यंत उसवता येतं, दोरा वाया जात नाही. कुणी म्हणेल, हा निव्वळ टाइमपास. शिवाय तिलाही शेवटी रुमाल हवाच आहे, मग ओट्याची आस आणि रुमालाची आस यांत फरक काय? आक्षेप वजनदार आहे. ॲरिस्टॉटलने घर बांधणं आणि पाहणं यांत भेद केला होता: घर पूर्ण होईपर्यंत बांधणं अपुरं असतं, पाहणं मात्र प्रत्येक क्षणी पुरं असतं. त्याला विचारलं असतं तर त्याने क्रोशाही बांधकामातच टाकला असता. तरी बाजारात तयार रुमाल स्वस्तात मिळत असताना ती विणते, आणि चार ओळी उसवाव्या लागल्या तरी कपाळाला हात लावत नाही. तिला रुमाल हवा आहे, पण रुमालाआधीचे टाके तिच्या लेखी खोळंबा नाहीत. वाट पाहण्याचं तसंच आहे. नव्या ओट्याची इच्छा आजचा दिवस खाऊन टाकत नसेल, तर ती तृष्णा नव्हे.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. कर्माला आतून मनाची साथ मिळाली की त्याचा भार उरत नाही, हा त्यांतला एक मध्यवर्ती विचार. त्या साथीला विनोबा विकर्म म्हणतात. सूत कातणाऱ्या माणसाचा हा विचार आहे, त्यामुळे तो हाताच्या कामाला चपखल बसतो. सुटकेची वाट पाहणारे कैदी दर रविवारी गीता ऐकत होते, आणि म्हणून त्यांची स्वातंत्र्याची ओढ कमी झाली असं कुणी म्हणणार नाही.

खरा अवघड आक्षेप पुढचा आहे. समाधानाचा उपदेश आपल्याकडे नेहमी बाईलाच झाला. तिने वाट पाहायची, वाट पाहताना गोडव्याने काहीतरी विणायचं, आणि घराने तिच्या सोशिकपणाचं कौतुक करून ओटा आणखी दोन वर्षं पुढे ढकलायचा. जात्यावरच्या ओव्यांचंही असंच झालं. हेमा राइरकर आणि गी पॉइटवॅं यांनी ग्रामीण बायकांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या अजोड आहेत, पण ओवी सुंदर म्हणून दळण्याचे कष्ट सुंदर ठरत नाहीत. पिठाची गिरणी आल्यावर जातं थांबलं, ओवीही मागे पडली, आणि तरी ओवीसाठी पुन्हा जात्याला बसावं असं त्या बायकांना वाटलं नाही. त्यांचा निवाडा मला मान्य आहे. संतोष हा ज्याचा त्याने स्वतःसाठी पाळायचा नियम आहे. दुसऱ्याने तो आपल्या सोयीसाठी लादला की तो शोषणाचं साधन होतो. 1926 साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईने फ्रँकफर्टच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखताना काम करणारीची पावलं वाचवण्याचा विचार केला. त्यात जितकी करुणा आहे, तितकी समाधानावरच्या कित्येक प्रवचनांत सापडत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी हे काम निघालं आहे, त्यांना एवढीच विनंती: विणणारीच्या शांतपणाला होकार समजू नका, कारागिराला आज फोन करा, आणि ओट्याची उंची कॅटलॉगवरून न ठरवता जी व्यक्ती तिथे रोज उभी राहणार आहे तिच्या कोपरावरून मोजून घ्या.