खताच्या मागे पाहणारा न्याय

ज्याच्या हाती न्याय करण्याचे काम आहे, त्याने कागदावर लिहिले आहे तेवढेच पाहावे, की कागद लिहिला गेला तेव्हा दोन्ही पक्षांची स्थिती काय होती हेही विचारावे? हा प्रश्न केवळ कोर्टकचेरीचा नव्हे. गावच्या पंचापासून घरच्या वडीलधाऱ्यापर्यंत प्रत्येकास तो केव्हा तरी पडतोच. त्याचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे स्मरण होते.

रानडे यांचा जन्म 1842 साली निफाड येथे झाला. 1871 साली ते न्यायाधीश होऊन पुण्यास आले व आदल्याच वर्षी निघालेल्या सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक बनले. सरकारच्या खुर्चीवर बसून निवाडे करणाऱ्याने रयतेची गाऱ्हाणी मांडणाऱ्या सभेसही सल्ला द्यावा, हे पुष्कळ अधिकाऱ्यांस रुचले नाही. 1878 साली त्यांची नाशिकास व पुढील वर्षी धुळ्यास बदली झाली. तरी 1885 साली सरकारनेच त्यांस मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात घेतले, आणि 1893 साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. परंतु या थोर पदांपेक्षा त्यांचे मधल्या वर्षांतील एक काम जुन्नर व आंबेगावच्या वाचकांस अधिक जवळचे वाटेल.

1875 च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सावकाराच्या घरातील खते काढून जाळावी, हा त्यांचा मुख्य हेतू होता. चौकशी होऊन 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू होता. तेव्हा जुन्नर तालुका आणि खेड तालुक्यात मोडणारा आंबेगाव पेटा हेही त्यात आले. खालच्या कोर्टांचे निवाडे तपासण्यासाठी खास न्यायाधीश नेमण्यात आला. रानडे यांनी 1881 पासून या खात्यात दुय्यम म्हणून काम केले व पुढे ते त्याचे मुख्य झाले. या कामासाठी त्यांस जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावे लागे.

त्या कायद्यात विशेष ते काय होते? घोड किंवा कुकडीच्या काठचा एखादा शेतकरी मनात आणा. एका वर्षी पाऊस गेला म्हणून त्याने बियाण्यापुरते पैसे काढले. व्याज थकले, ते मुद्दलात मिळाले व नवे खत झाले. असे तीनदा घडले. त्यास वाचता येत नाही. प्रत्येक खतावर त्याचा अंगठा मात्र आहे. पूर्वीचे कोर्ट शेवटचे खत पाही व हुकूमनामा देई. नव्या कायद्याने न्यायाधीशास सांगितले की, अंगठा असला तरी व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासून हिशेब पाहा. देणे हप्त्यांनी फेडू द्या. कर्जासाठी शेतकऱ्यास तुरुंगात घालू नका.

यावर कोणी म्हणेल, हा तर उघड पक्षपात झाला; न्यायाधीशाने दया करू लागावे, तर सावकाराच्या खऱ्या पैशाचे काय? शंका योग्य आहे. बुडवणाऱ्या ऋणकोस पाठीशी घालणे हाही अन्यायच. परंतु हिशेब पाहणे म्हणजे दया करणे नव्हे. ज्याने खरोखर पन्नास दिले त्यास पन्नास व त्यावरील रास्त व्याज मिळालेच पाहिजे; न दिलेले दोनशे मात्र केवळ लेखणीच्या बळावर मिळू नयेत. एकास वाचता येते व दुसऱ्यास येत नाही, तेथे कागदावरच थांबणारा न्यायाधीश स्वतःस कितीही तटस्थ समजो, तो बलवानाच्या बाजूस जाऊन बसलेला असतो. रानडे यांस लोकांची गाऱ्हाणी सभेत ऐकण्याची सवय होती. ती न्यायासनावर त्यांच्या आड आली असे आम्हांस वाटत नाही; कोणता प्रश्न विचारावा, हे तिनेच त्यांस शिकविले असावे.

मग हीच कसोटी खुद्द रानड्यांस लावली तर? विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या या गृहस्थाने 1873 साली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहास्तव, अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ते चहास गेले, आणि त्यावरून गहजब उठला तेव्हा 1892 साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस हे दुसरे कृत्य विशेष लागेल. एक कप चहा पाप कसा ठरावा? आम्ही या गोष्टींस चुकाच म्हणतो. परंतु त्यांच्याही मागे वृद्ध पित्याचा हट्ट होता, बहिष्कारात सापडलेल्या मित्रांची अडचण होती. मागचा हिशेब पाहिल्याने देणे नाहीसे होत नाही. ते नेमके किती आहे एवढेच कळते.

तो कायदा आता इतिहासजमा झाला. 16 जानेवारी 1901 रोजी रानडे निवर्तले, त्यासही शतकाहून अधिक काळ लोटला. पण भावाभावांची वाटणी, मजुराची उचल, मंडळीतील तंटा, यांचा निवाडा आजही आमच्यापैकी कोणाकोणाकडे येतो. त्या वेळी प्रिय वाचकांनी पुढे आलेला कागद जरूर वाचावा. मात्र मत देण्यापूर्वी, ज्याचा अंगठा त्यावर आहे त्यास जवळ बसवून पहिल्या दिवसापासूनची हकीकत विचारावी.